पानगळीचे रंग आणि आपली नगरोद्याने

आपल्याकडील सार्वजनिक बागबगिच्यांचा विषय निघाला की एक तक्रार हटकून ऐकू येते, आणि ती करणारे लोक बहुधा प्रवास केलेले असतात. काश्मीरला जाऊन आलेला मनुष्य चिनाराविषयी बोलतो. अमेरिकेच्या ईशान्य प्रांतांत नोकरी करून परतलेला गृहस्थ मेपलच्या टेकड्यांची छायाचित्रे दाखवतो. आणि क्योतोच्या देवळांभोवतीचा लालभडक मोमिजी तर भिंतीवरच्या दिनदर्शिकांतून घराघरांत पोचलेला आहे. या वैभवाच्या शेजारी पुण्याचा, मुंबईचा किंवा नागपूरचा एखादा बगीचा मनातल्या मनात उभा केला, तर तो बाराही महिने हिरवा, किंबहुना धुळीने माखलेला हिरवा दिसावा, आणि रंग धारण करून पाने गाळण्याची कला निसर्गाने आपल्या वृक्षांना दिलीच नाही असा निष्कर्ष निघावा, यात नवल नाही. ही उणीव भरून काढण्याच्या हौसेनेच मोलुकास बेटांकडील क्रोटन, पॅसिफिक महासागरातील बेटांवरची अॅकॅलिफा आणि मेक्सिकोतील पॉइन्सेटिया ही रंगीत पानांची झुडपे आपल्या कुंड्यांत आणि रस्त्यांच्या दुभाजकांत वर्षानुवर्षे लावली जात आहेत.

तो निष्कर्ष मला मान्य नाही. महाराष्ट्रातील देशी वृक्षांत पानांच्या रंगांची समृद्धी आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. मात्र ज्या महिन्यांत, ज्या क्रमाने आणि पानाच्या ज्या अवस्थेत ती प्रकट होते, तिकडे पाहण्याची सवय आपण लावून घेतलेली नाही, आणि एखाद्याने लावून घेतली तरी ती दाखवतील असे वृक्ष आपण शहरांत फारसे लावलेले नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा परामर्श घ्यावयाचा आहे.

थंड प्रदेशांत पानांचा रंग पालटतो तो दिवस आखूड होऊ लागल्यामुळे आणि येऊ घातलेल्या थंडीच्या चाहुलीमुळे. गोठलेल्या जमिनीतून पाणी ओढता येत नाही, म्हणून हिवाळ्यापूर्वीच वृक्ष पानांतील हरितद्रव्य व प्रथिने यांचे विघटन करून नत्रासारखा मौल्यवान ऐवज खोडाकडे परत नेतो. हरितद्रव्य गेले म्हणजे पानात आधीपासूनच असलेली कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-नारिंगी द्रव्ये उघडी पडतात. आणि लाल रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये मात्र, दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असला म्हणजे, पानात अडकून राहिलेल्या शर्करेच्या आधाराने त्या शेवटच्या दिवसांत नव्याने तयार होतात. दिवसमान सर्वांसाठी सारखे आणि थंडीही सर्वांवर एकदमच उतरणारी, त्यामुळे तेथे सबंध टेकडी दोन आठवड्यांत पेटल्यासारखी दिसते.

आपल्याकडे पानगळीचा हुकूम मुख्यतः थंडी काढीत नाही, पाण्याची टंचाई काढते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस आश्विनात मागे फिरला की जमिनीतील ओल उतरू लागते, मार्गशीर्ष-पौषात हवा कोरडी होते, आणि पर्णरंध्रांवाटे होणारा पाण्याचा खर्च परवडेनासा झाला म्हणजे वृक्ष पाने टाकू लागतो. परंतु ही ओल सर्वांसाठी एकाच तारखेस संपत नाही. खडकाळ उतारावरची सालई आणि कांडोळ लवकर उघडीबोडकी होतात, ओढ्याकाठचा अर्जुन कितीतरी उशिरापर्यंत पाने धरून राहतो, आणि एकाच जातीच्या दोन शेजारी झाडांतही, ज्याच्या त्याच्या मुळांना लाभलेल्या ओलाव्याप्रमाणे, पंधरवड्याचे अंतर पडते. एका आठवड्यात सारा डोंगर रंगलेला पाहण्याची अपेक्षा घेऊन जो सह्याद्रीत किंवा मेळघाटात जाईल, त्याची निराशा ठरलेली. उलट पौषापासून चैत्रापर्यंत एकाच वाटेने जो नित्य चालेल, त्याला दर आठवड्यास काहीतरी नवे दिसेल. आपल्या पानगळीचे सौंदर्य हे असे हप्त्याहप्त्याने वसूल होणारे आहे.

जुन्या, गळू घातलेल्या पानाच्या रंगात अग्रमान मी कुंभ्याला देईन. खडबडीत सालीचा आणि वणव्यातूनही तगून राहणारा हा मध्यम उंचीचा वृक्ष पानझडी रानांत सर्वत्र असूनही शहरवासीयांस जवळजवळ अपरिचित आहे. हिवाळा सरता सरता त्याची मोठी, टोकाकडे रुंद होत गेलेली पाने लाल होतात, आणि सकाळचे तिरपे ऊन त्यांच्या पाठीमागून आले म्हणजे त्यांतील शिरान्‌शिर वेगळी दिसते. त्याच्या मागोमाग काकड येतो; याची पिसासारखी संयुक्त पाने फांद्यांच्या शेंड्यांना झुबक्यांनी असतात आणि गळण्यापूर्वी तांबडी होतात. ताम्हण हा तर आपला राज्यपुष्पाचा वृक्ष. वैशाखातील त्याच्या जांभळ्या तुऱ्यांचे कौतुक सर्वांनाच आहे, पण त्याची पाने गळण्याआधी ताम्रवर्णी होतात हे, त्याच्याच छायेत मोटारी उभ्या करणाऱ्यांच्याही ध्यानात आलेले नसते. ताम्हणाचेच भाऊबंद बोंडारा आणि नाणा हेही असेच तांबूस होतात, आणि नाण्याची फिकट, गुळगुळीत साल पाने गेल्यावर जी शोभा देते ती तर वेगळीच. अशा सालींचा विचार आपल्या उद्यानकारांनी कधी केलाच नाही. कांडोळाचे पांढरेफटक, कागदी पापुद्र्यांचे खोड माघातील निरभ्र आकाशापुढे पाहावे आणि मग सांगावे की उघड्या झाडात पाहण्यासारखे काय असते.

पिवळ्या रंगाचा हिशेब थोडक्यात उरकता येण्यासारखा आहे. शिमटी, कुडा, शिरीष ही झाडे पिवळी पडून गळतात. त्यांत शिरीषाला पाने गेल्यावर वाळक्या शेंगांचा खुळखुळाट तेवढा अधिक. सागाची मात्र शिफारस मी बागेसाठी करणार नाही. त्याचे पान किडीने जाळीदार होऊन, मळकट तपकिरी होऊन पडते, आणि पडताना सुपाएवढे पडते.

एक वादग्रस्त असामी येथे नोंदवली पाहिजे, ती म्हणजे ज्यास आपण देशी बदाम म्हणतो तो वृक्ष. वर्षातून दोनदा गर्द लाल होऊन पाने टाकणारा हा वृक्ष मुंबई आणि कोकणच्या बागांत इतका रुळलेला आहे की नावातील ‘देशी’ या विशेषणाविषयी कोणी शंका घेत नाही. प्रत्यक्षात त्याचे मूळ घर अंदमानपासून मलाया द्वीपसमूहाकडच्या समुद्रकिनाऱ्यांवर. कडव्या स्वदेशीवाद्यांनी त्याला बहिष्कृत करावे असे मला वाटत नाही, कारण समुद्राची खारी हवा सोसून रंग देणारी झाडे थोडीच आहेत. पण पर्णवर्णाच्या नावाने बदामावरच संतोष मानून बसणे, ही गोष्ट मात्र आळसाची आहे.

इतकी सारी नावे घेऊनही, जुन्या पानांच्या रंगात आपला मुलूख थंड प्रदेशांची बरोबरी करू शकत नाही हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. आपली खरी दौलत आहे ती नव्या पानांत. फाल्गुनाच्या सुमारास कोशिंबाकडे, म्हणजेच कुसुंबाकडे, ज्याने एकदा पाहिले असेल त्याला हे विधान पटवून देण्याची गरज नाही. जुनी पाने टाकल्यानंतर फार विलंब न लावता हा भव्य, दाट माथ्याचा वृक्ष शेंदरापासून किरमिजीपर्यंतच्या साऱ्या छटांची पालवी एकदम धारण करतो, आणि दुरून पाहणाऱ्यास तो फुलांनीच बहरला आहे असे वाटते. त्याची खरी फुले मात्र बारीक, पिवळसर-हिरवी, सहसा कोणाच्या नजरेत न भरणारी. हा सोहळा एखादा पंधरवडा टिकतो, मग तांबड्यातून पोपटी आणि पोपटीतून गडद हिरवा असा पालट होऊन वृक्ष पुन्हा चारचौघांसारखा दिसू लागतो. लाखेच्या किड्याचा हा एक मुख्य आश्रयवृक्ष आणि ‘कुसुमी’ लाख ही उत्तम प्रतीची गणली जाते, म्हणून वनखात्याच्या दफ्तरात त्याला जागा मिळाली. उद्यानखात्याच्या दफ्तरात मात्र ती अद्याप मिळावयाची आहे.

कोशिंब हा या मंडळातील मुख्य गायक खरा, पण साथीदारांची उणीव नाही. पिंपळाची ताम्र-गुलाबी, झुळझुळीत पालवी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याहून सरस अशी पायरीची लालसर पालवी, जी खडकांच्या कपारींत आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींवर फुटते, ती मात्र उपेक्षित राहिली. विदर्भात मोहाची फुले वेचून होतात न होतात तोच त्याची तांबडी पाने उलगडू लागतात. बेहड्याची पालवी तांबूस, आंब्याची कधी जांभळट तर कधी तांब्यासारखी. नागकेशराची किरमिजी पाने जड झाल्यासारखी खाली लोंबतात, आणि सीता-अशोकाची पालवी तर इतकी मऊ आणि लोळती की अनभिज्ञ माणसास ते झाड सुकले असे वाटावे. हे शेवटचे तीन वृक्ष सदापर्णी असल्यामुळे गळतीची किरकिर न करता रंग देतात, आणि लहान आवारात बाग करणाऱ्या गृहस्थांनी आधी त्यांचाच विचार करावा.

हा लाल रंग कशासाठी, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत दोन विचारप्रवाह आहेत आणि ते परस्परांस छेद देणारे नाहीत. एक म्हणतो की कोवळ्या पानातील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा पुरी उभी राहण्यापूर्वी फाल्गुन-चैत्राचे ऊन तिला झेपत नाही, म्हणून अँथोसायनिन हे तिच्यावर धरलेले छत्र होय. दुसऱ्याच्या मते, लुसलुशीत पान हे किड्यांचे आवडते खाद्य असल्याने हरितद्रव्याची भरती लांबणीवर टाकून आणि पान बेचव राखून वृक्ष आपला तोटा मर्यादित ठेवतो. याहूनही विलक्षण गोष्ट ही की, पाणी वाचवण्यासाठी ज्यांनी पाने टाकली तेच वृक्ष, जमीन सर्वांत कोरडी असताना, मृगाच्या पावसाला अडीच-तीन महिने अवकाश असताना, नवी पाने काढतात. खोलवर गेलेली मुळे आणि खोडात साठवलेले पाणी यांच्या भरवशावर, वाढत्या दिवसमानाची खूण ओळखून ते हे धाडस करतात, आणि पाऊस येतो तेव्हा त्यांची पाने जून होऊन कामास सज्ज असतात. थंड देशांतील लाल रंग हा निरोपाचा असतो, आपला आगमनाचा. संस्कृत कवींना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. ओठांच्या आणि तळहातांच्या लालीला त्यांनी उपमा दिली ती किसलयांची आणि पल्लवांची. अलीकडच्या काळात दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने (१९५६) महिन्यामहिन्याने झाडाकडे पाहण्याची ही दृष्टी मराठी वाचकास पुन्हा दिली. ग्रंथसंग्रहात ती दृष्टी राहिली, बगिच्यात मात्र उतरली नाही.

ती का उतरली नाही, याचे कारण अज्ञान असे म्हणता येत नाही. मुंबई आणि तिच्या आसपासच्या वनस्पतींची पहिली मोठी यादी जॉन ग्रॅहॅम या डेप्युटी पोस्टमास्तर जनरलाने १८३९ मध्ये केली. छपाई पुरी होण्यापूर्वीच तो खंडाळ्यास वारला आणि शेवटची पाने त्याच्या मित्राने, जोसेफ निम्मोने, पुरी केली. दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला, आणि डॅल्झेलच्या सहकार्याने त्याने ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा इलाख्याच्या वनस्पतींवरील बृहद्ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात बाहेर पडला आणि आजही तो अभ्यासकांच्या हाताशी असतो. कोशिंब, कुंभा, काकड, पायर या सर्वांची नोंद त्यात आहे. म्हणजे भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली, तेव्हापासूनच रानातील वृक्षांची माहिती पुस्तकांत हजर होती. पण उद्यान ही जगभरच्या नवलाईची प्रदर्शनभूमी, ही त्या काळची कल्पना, आणि रानातले झाड रानात पाहावे हा तिचा स्वाभाविक उपसिद्धांत. पुढे ब्लॅटर आणि मिलार्ड यांचे सुंदर भारतीय वृक्षांवरचे देखणे पुस्तक १९३७ मध्ये आले, तेही मुख्यतः फुलांसाठी झाडाकडे पाहणारे. फुलाने पानाला मागे सारले ते असे.

स्वातंत्र्यानंतर नगरपालिकांची कामगिरी वाढली, रस्ते रुंद झाले, आणि झटपट वाढणाऱ्या झाडांची निकड भासू लागली. मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेचा पर्जन्यवृक्ष, आग्नेय आशियाकडील सोनमोहर आणि कशीद यांनी ती निकड भागवली, हे त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. भर चैत्रात पर्जन्यवृक्षाच्या सावलीतून चालणाऱ्याने तर मुळीच नाकारू नये. परंतु यांपैकी एकाच्याही पानात रंगाचा पालट म्हणून काही नाही. गुलमोहराची बारीक पर्णिका रंग न घेताच भुशासारखी झडते. शिवाय एकाच जातीवर भिस्त ठेवण्याचा धोका मुंबईने अलीकडे अनुभवला आहे. पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने तेथील अनेक जुने पर्जन्यवृक्ष वाळून गेले. पुण्याच्या टेकड्यांवरील ग्लिरिसिडियाची, म्हणजे आपल्या गिरिपुष्पाची, लागवड हा याच वृत्तीचा दुसरा नमुना: वाढ जलद, जनावर तोंड लावीत नाही, कागदावर टेकडी हिरवी, मात्र जेथे सालई, शिमटी, मेडशिंगी आणि पायर यांनी आपापल्या पाळीने रंग बदलावा तेथे एकसुरी रान.

देशी झाड लावले म्हणजेच काम झाले, असेही नाही. पानझडी वृक्षाच्या बुंध्यापर्यंत हिरवळ आणून तिला उन्हाळाभर पाणी दिले, तर झाडास टंचाईची जाणीवच होत नाही आणि ते अर्धवट गळणारे, अर्धवट फुटणारे, निस्तेज असे दिसते. विजेच्या तारांखाली दरवर्षी फांद्या छाटल्या जाणारे झाड अवेळी पालवत राहते. रस्त्याच्या कडेला, इमारतीच्या राखी भिंतीपुढे एकुलता एक कोशिंब लावला तर त्याचा पंधरवडा कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्याच कोशिंबाची पाच-सात झाडे मोठ्या उद्यानाच्या कडेला, जांभूळ-आंब्यांच्या गर्द हिरव्या पार्श्वभूमीपुढे लावली, तर माणसे वाट वाकडी करून पाहावयास येतील. आणि झाडूखात्याचा प्रश्न तर सर्वांत जिकिरीचा. पडलेले पान हा केर, ही समजूत आपल्या कारभारात इतकी खोल गेली आहे की, बागेतील वाफ्यात पाने राहू दिली तर माळ्यावर कामचुकारपणाचा ठपका येतो. मग तीच पाने पोत्यांत भरून शहराबाहेर नेली जातात किंवा, मनाई असूनही, कोपऱ्यात जाळली जातात. पानांची गादी जमिनीची ओल राखते, कुजून खत होते, आणि ताम्हणाखाली पसरलेला तांबडा थर हा काही आठवडे स्वतःच एक पाहण्यासारखा गालिचा असतो, हे माळ्याला सांगावयाचे कोणी? १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायदा मुख्यतः तोडीला आळा घालतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा मान दिला, तेही योग्यच. पण कोणते झाड कोठे शोभेल, हा रुचीचा प्रश्न आहे आणि तो कायद्याने सुटत नाही.

आतापर्यंत वृक्षांचेच बोलणे झाले. परंतु थंड देशांत ज्या महिन्यांत पाने रंगतात त्याच महिन्यांत, आश्विन-कार्तिकात, आपल्याकडेही एक रंगोत्सव होत असतो, आणि तो जमिनीलगत होतो. भाद्रपदात टेकड्यांवर तेरडा आणि सोनकी यांचे पट्टे उमटतात. पुढे पडीक वावरांत कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे राहतात. आणि पाऊस ओसरला की सारे गवत पिकू लागते, प्रथम फिकट सोनेरी, मग काही जातींत तांबूस आणि अखेरीस वाळलेल्या धान्याच्या रंगाचे. दख्खनच्या उघड्या माळांची ही खरी शरद्‌शोभा. कोणत्याही उद्यानात पाव एकराचा तुकडा न कापता, पाणी न देता, देशी गवतांसाठी राखून ठेवला तर तो नुसत्या उपेक्षेच्या खर्चात रंग देईल. कुसळी गवत मात्र पायवाटेपासून दूर ठेवावे. त्याची कुसळे धोतर आणि पाटलोण असा भेद करीत नाहीत.

स्थळकाळाचे तारतम्य अर्थातच हवे. मुंबईच्या दमट हवेत पानगळ मुळातच अर्धीमुर्धी होते, म्हणून तेथे ताम्हण, सीता-अशोक आणि नागकेशर यांवर भर द्यावा. पुण्या-नाशिकच्या कोरड्या टेकड्यांवर पायर, सालई, काकड आणि कांडोळ यांचा हक्क पहिला. नागपूर-चंद्रपूरकडे मोह आणि बेहडा असताना दुसरीकडे पाहण्याची गरजच नाही. कुंभा आणि कोशिंब यांस मात्र मोठी जागा द्यावी, अरुंद पदपथावर त्यांना कोंडू नये. त्यांची वाढ सावकाश असते, आणि पाच वर्षांच्या मुदतीत निकाल दाखवू पाहणाऱ्या कारभाऱ्यांना ती परवडत नाही, हाच या साऱ्या प्रकरणातील मुख्य अडसर मला दिसतो. खाजगी रोपवाटिकांत ही रोपे सहसा मिळत नाहीत, कारण मागणी नाही. आणि मागणी नाही, कारण झाड कोणी पाहिलेले नाही. हे चक्र कोठेतरी तोडावयाचे तर ते महानगरपालिकांच्या स्वतःच्या रोपवाटिकांतच तोडता येईल, आणि त्यासाठी वेगळ्या मंजुरीची वा मोठ्या तरतुदीची आवश्यकता नाही. कोशिंबाची फळे ज्येष्ठ-आषाढात पिकतात. बी ताजे असतानाच पिशव्यांत टोचावे.